इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आणि कुलाब्यातले तीन पदार्थ

धातूच्या तारेतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन वाटेत सतत अडखळत असतात. अणूंची कंपने, परके अणू आणि स्फटिकातले दोष यांवर आपटून त्यांची ऊर्जा उष्णतेत जाते. हाच विद्युत रोध. काही पदार्थ ठरावीक तापमानाच्या खाली गेले की हा रोध नुसता घटत नाही, पार नाहीसा होतो. १९११ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ऑनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केल्यावर हे पहिल्यांदा दिसले. या अवस्थेला अतिसंवाहकता म्हणतात. १९३३ मध्ये वाल्थर माइसनर आणि रॉबर्ट ओक्सेनफेल्ड यांनी तिचा दुसरा गुण दाखवला: अतिसंवाहक झालेला पदार्थ आपल्या पोटातले चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटतो. रोध शून्य होणे जास्त नवलाचे वाटते, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा दुसरा गुण अधिक मोलाचा आहे. पदार्थ ‘फार चांगला वाहक’ झालेला नसून वेगळ्याच अवस्थेत गेलेला आहे, हे त्यातूनच सिद्ध होते.

या अवस्थेच्या मुळाशी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आहेत. इलेक्ट्रॉन ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर ढकलतात. शिवाय दोन इलेक्ट्रॉन एकाच क्वांटम अवस्थेत राहू शकत नाहीत. असे असताना ते जोडीने का राहतात, याचे उत्तर सापडायला जवळजवळ अर्धे शतक लागले. १९५६ मध्ये लिऑन कूपर यांनी दाखवले की धातूत कितीही दुबळे आकर्षण असले तरी दोन इलेक्ट्रॉन जोडीत बांधले जातात. पुढच्याच वर्षी जॉन बार्डीन, कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी पूर्ण सिद्धांत मांडला. तिघांच्या आद्याक्षरांवरून तो बीसीएस सिद्धांत म्हणून ओळखला जातो, आणि १९७२ चे नोबेल पारितोषिक त्यासाठीच मिळाले.

या सिद्धांतात आकर्षण येते ते स्फटिकाच्या कंपनांमधून. इलेक्ट्रॉन धनभारित आयनांच्या मधून जातो तेव्हा ते आयन किंचित त्याच्याकडे ओढले जातात. इलेक्ट्रॉन वेगाने निघून जातो. आयन जड असल्याने त्यांना मूळ जागी परतायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्या ठिकाणी धनभार साचलेला राहतो आणि मागून येणारा दुसरा इलेक्ट्रॉन तिकडे ओढला जातो. दोघे एका जागी एका वेळी येत नाहीत, म्हणून त्यांचे परस्परांतील प्रतिकर्षण आडवे येत नाही. सगळी मांडणी एका अटीवर उभी आहे: इलेक्ट्रॉन फार चपळ हवेत आणि आयन फार मंद. तांबे, ॲल्युमिनियम, शिसे अशा धातूंत ही अट सहज पाळली जाते. बिस्मथमध्ये ती मोडते, आणि तिथेच या विषयातला एक मोठा पेच आहे.

कंपनांचा हात आहे याचा पुरावा बीसीएसच्याही आधी, १९५० मध्ये मिळाला होता. पाऱ्याचे वेगवेगळे समस्थानिक घेतले, म्हणजे रासायनिक गुण तेच पण अणूचे वजन वेगळे, तर अतिसंवाहक होण्याचे तापमान सरकते. वजनदार आयन अधिक मंद हलतात, हेच त्याचे कारण.

बीसीएस सिद्धांत इतका यशस्वी ठरला की तीन वेगळे प्रश्न त्यात एकत्र बांधले गेल्याचे बराच काळ जाणवले नाही. जोडी कशाने बांधली जाते? ती सर्व दिशांना सारखीच घट्ट असते का? आणि जोड्या जमणे व पदार्थ अतिसंवाहक होणे या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात का? साध्या धातूंत उत्तरे ठरलेली आहेत: कंपनांनी, हो, हो. यांपैकी एखादेही उत्तर बदलले की पदार्थाची गणना अपारंपरिक अतिसंवाहकांकडे होऊ लागते. पहिला स्पष्ट नमुना १९७९ मध्ये जर्मनीत फ्रँक श्टेग्लिश यांना सेरियम, तांबे आणि सिलिकॉन यांच्या संयुगात मिळाला. सेरियमचा अणू चुंबकीय, आणि चुंबकत्व जोड्यांचे वैरी मानले जाई. तरी ते संयुग अर्ध्या केल्विनच्या आसपास अतिसंवाहक झाले. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत गेऑर्ग बेडनॉर्झ आणि ॲलेक्स म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत सुमारे ३० केल्विनला अतिसंवाहकता दिसली. वर्षभरात तापमान ९० केल्विनच्या पुढे, म्हणजे ७७ केल्विनला उकळणाऱ्या द्रव नायट्रोजनच्या टप्प्यात आले. या ऑक्साइडांतील जोडी काही दिशांना घट्ट, तर काही दिशांना अजिबात बांधलेली नसते, हे १९९० च्या दशकात सिद्ध झाले. तिला कोण बांधते यावर मात्र अजून एकमत नाही.

या तीनही प्रश्नांवर मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला नेव्हीनगरजवळ असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या पदार्थांवर काम झाले आहे. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था कणभौतिकी आणि गणितासाठी अधिक ओळखली जाते. अतिशीत तापमानावरच्या तिच्या कामाची मराठी वाचकांपर्यंत फारशी वार्ता पोचलेली नाही. त्या कामाचे वजन पाहता ही उणीव खटकते.

पहिला पदार्थ बोरोकार्बाइड. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला येथे दुर्मिळ मृदा धातू, निकेल आणि बोरॉन यांच्या संयुगांचे चुंबकीय गुण तपासले जात होते. त्यांतल्या यिट्रियम, निकेल आणि बोरॉनच्या एका संयुगात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकतेची खूण दिसली. खूण क्षीण होती. नमुन्याचा थोडासाच भाग चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटत होता. अशी खूण अशुद्धीच्या खाती टाकून पुढे जाणे सोपे असते. येथे उलट त्या अशुद्धीचाच माग काढला गेला. विद्युतज्योतीच्या भट्टीत धातू वितळवून बनवलेल्या या नमुन्यांत नकळत थोडा कार्बन मिसळत होता. मग तो मुद्दाम, मोजून घातला. अतिसंवाहक भाग वाढला आणि तापमानही थोडे वर सरकले. आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकिर होसेन, एस. के. धर, एल. सी. गुप्ता, पवईच्या आयआयटीतील बी. डी. पडालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन या चार मूलद्रव्यांच्या मिश्रणातील हा निष्कर्ष जानेवारी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रॉबर्ट कावा आणि सहकाऱ्यांना निकेलच्या जागी पॅलेडियम घालून २३ केल्विन गाठता आले. ऑक्साइड सोडून इतर धातुसंयुगांत दोन दशके टिकलेल्या विक्रमाची ही बरोबरी होती. स्फटिकाची रचनाही लगेच उलगडली: दुर्मिळ मृदा धातू व कार्बन यांचा एक थर, मग निकेल व बोरॉन यांचा थर, अशी आलटूनपालटून रचना.

निकेल म्हटले की लोहचुंबकत्व डोळ्यांपुढे येते. साध्या जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांच्या अंगचे चिमुकले चुंबक, एकमेकांच्या उलट असतात. चुंबकीय अणू दोघांनाही एकाच बाजूला वळवू पाहतो, त्यामुळे जोडी तुटते. बोरोकार्बाइडमध्ये निकेलचे चुंबकत्व लोपलेले असते, म्हणून तो आडवा येत नाही. पण यिट्रियमच्या जागी होल्मियम किंवा एर्बियम घातले की खरेखुरे चुंबकीय अणू स्फटिकात शिरतात, आणि तरीही अतिसंवाहकता टिकते. होल्मियमच्या संयुगाचे वागणे तर विलक्षण आहे. साधारण ८ केल्विनला ते अतिसंवाहक होते. आणखी थंड केले की ५ केल्विनच्या आसपास, विशेषतः थोडे चुंबकीय क्षेत्र लावले असता, रोध परत येतो. त्याखाली तो पुन्हा नाहीसा होतो. मधल्या टप्प्यात होल्मियमच्या चुंबकांची मांडणी मळसूत्रासारखी फिरत जाते आणि ती जोड्यांना घातक ठरते. त्याखाली एका थरातले चुंबक एका दिशेला आणि शेजारच्या थरातले विरुद्ध दिशेला असे स्थिरावतात. एक जोडी अनेक थरांवर पसरलेली असते, त्यामुळे तिच्यापुरता हा प्रभाव उणेअधिक होऊन शून्यावर येतो.

बोरॉनचा समस्थानिक बदलला की या संयुगांचे संक्रमण तापमान, म्हणजे अतिसंवाहक होण्याचे तापमान, सरकते. म्हणजे बांधणारी शक्ती कंपनांचीच आहे. मग सगळे पारंपरिकच म्हणायचे का? जोडी सर्व दिशांना सारखी घट्ट आहे की नाही, हे २००४ मध्ये टीआयएफआरमध्येच तपासले गेले. प्रताप रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी यिट्रियमच्या बोरोकार्बाइडचा एकसंध स्फटिक घेतला आणि धातूचे अतिसूक्ष्म टोक त्याच्या वेगवेगळ्या पृष्ठांना टेकवून विद्युतप्रवाह मोजला. अतिसंवाहकात एकटा इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेने शिरू शकत नाही. तो शिरताना सोबतीला दुसरा ओढून नेतो आणि मागे धनभारित पोकळी परतते, म्हणून ठरावीक विद्युतदाबाखाली प्रवाह जवळजवळ दुप्पट वाहतो. तो दाब म्हणजेच जोडी तोडायला लागणाऱ्या ऊर्जेचे माप. तिला ऊर्जा-फट म्हणतात. स्फटिकाच्या उभ्या अक्षाकडून आणि आडव्या अक्षाकडून घेतलेली ही मापे काही पटींनी वेगळी निघाली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जुने आणि दुसऱ्याचे नवे, असा हा पदार्थ. पारंपरिक आणि अपारंपरिक ही विभागणी सोयीची असली तरी निसर्ग तिच्या रेषेवरून बिनदिक्कत चालतो, हे येथे स्पष्ट दिसते.

दुसरा पदार्थ नायोबियम नायट्राइड. तो अनेक दशकांपासून माहीत असलेला, बीसीएसच्या चौकटीत नीट बसणारा, साधारण १६ केल्विनला अतिसंवाहक होणारा. रायचौधुरी यांच्या गटाने त्याचे पातळ थर बनवताना नायट्रोजन व नायोबियमचे प्रमाण बदलत नेले आणि स्फटिकात अणूंच्या रिकाम्या जागा, म्हणजे अव्यवस्था, हळूहळू वाढवली. अव्यवस्था वाढली तसे संक्रमण तापमान घसरत गेले. मग त्यांनी टनेलिंग सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने ऊर्जा-फट मोजली. नेहमीच्या अतिसंवाहकात संक्रमण तापमानाला फट मिटते. येथे फार अव्यवस्थित थरांत रोध परत आल्यावरही, आणखी काही केल्विनपर्यंत, फट शिल्लक होती. जोड्या जमलेल्या, पण पदार्थ अतिसंवाहक नाही, अशी ती स्थिती.

अंगणात पन्नास जोड्या फुगड्या घालत असाव्यात, पण प्रत्येकीचा ताल निराळा असावा, तशी ही अवस्था आहे. अतिसंवाहकतेसाठी जोडी जमणे पुरत नाही. सर्व जोड्यांच्या लहरी एका तालात याव्या लागतात. स्वच्छ धातूत जोडी जमताच ताल आपोआप जुळतो, कारण एका जोडीच्या विस्तारात इतर असंख्य जोड्या गुंतलेल्या असतात. अव्यवस्थेत त्या छोट्या बेटांवर अडकतात आणि बेटाबेटांतील ताल सुटतो. अमित घोषाल, मोहित रंदेरिया आणि नंदिनी त्रिवेदी यांनी १९९८ मध्ये टीआयएफआरमध्येच आकडेमोडीने अशा बेटांचे भाकीत केले होते. प्रयोग त्यानंतर दहा-बारा वर्षांनी झाले. तांब्याच्या ऑक्साइडांतही संक्रमण तापमानाच्या वर अशीच छद्म फट दिसते. तिथे मात्र तिचा अर्थ वादात आहे. नायट्राइडमध्ये वादाची इतर कारणे नसल्याने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक निर्मळ मिळाले.

तिसरा पदार्थ बिस्मथ, आणि तोच सर्वांत कठीण. गुलाबी झाक असलेला हा जड, ठिसूळ धातू भौतिकशास्त्राचा जुना सोबती आहे. चुंबकीय क्षेत्रात धातूचा रोध आणि चुंबकत्व हेलकावे घेतात, हे १९३० मध्ये प्रथम बिस्मथमध्येच दिसले. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे इलेक्ट्रॉनांचा दुष्काळ. तांब्यात प्रत्येक अणूमागे साधारण एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो; बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एक. जोड्या जमवायला माणसेच नाहीत, तर संक्रमण तापमान कुठून येणार? दाबाखाली स्फटिकाची रचना बदलली की, किंवा स्फटिक न होऊ देता अणू अस्ताव्यस्त गोठवले की, बिस्मथ काही केल्विनला अतिसंवाहक होतो हे माहीत होते. साध्या दाबाखालचा शुद्ध स्फटिक मात्र कधीच दाद देत नव्हता.

ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. तमिळवेल आणि एस. रामकृष्णन यांनी टीआयएफआरमध्ये हा शोध एक केल्विनच्या हजाराव्या भागाच्याही खाली नेला. अशा तापमानाला द्रव हीलियम पुरत नाही. हीलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणावर चालणारे शीतक आधी काही मिलिकेल्विनपर्यंत नेते. तेथे तांब्याच्या एका ठोकळ्यावर जबरदस्त चुंबकीय क्षेत्र लावून तांब्याच्या अणुकेंद्रांतले चिमुकले चुंबक एका दिशेला वळवले जातात आणि त्यातून निघालेली उष्णता शीतकाकडून काढून घेतली जाते. मग ठोकळ्याचा बाहेरच्या जगाशी उष्णतेचा संबंध तोडतात आणि क्षेत्र अतिशय सावकाश कमी करतात. अणुकेंद्रे थंड होत जातात आणि आपल्याला जोडलेल्या नमुन्यातली उष्णता शोषून घेतात. या टप्प्यावर इमारतीची थरथरसुद्धा नमुना तापवू शकते.

तापमान हा अर्धाच अडथळा. जोड्या जितक्या दुबळ्या, तितके थोड्या चुंबकीय क्षेत्राने त्या मोडतात. बिस्मथसाठी ही मर्यादा सुमारे ५.२ मायक्रोटेस्ला निघाली, म्हणजे मुंबईत पृथ्वीचे जे चुंबकीय क्षेत्र आहे त्याच्या साधारण एक अष्टमांश. नुसते थंड करून भागले नसते. पृथ्वीचे क्षेत्रही नमुन्यापासून दूर ठेवावे लागले. (याच कुलाब्यात एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय वेधशाळा होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मापे बिघडणार, म्हणून तिची चुंबकीय उपकरणे अलिबागला हलवली गेली आणि १९०४ पासून वेध तिथून घेतले जाऊ लागले.) चुंबकीय आवरणांच्या आत, ९९.९९९९ टक्के शुद्ध बिस्मथच्या एकसंध स्फटिकाचे चुंबकत्व स्क्विड या उपकरणाने मोजले गेले. स्क्विड स्वतः एक अतिसंवाहक कडे असते. पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यवधीव्या भागाएवढा बदलही ते टिपते. ०.५३ मिलिकेल्विनला संकेत ढळला: स्फटिक क्षेत्र बाहेर लोटू लागला. डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने हे संशोधन ऑनलाइन प्रसिद्ध केले. छापील अंक जानेवारी २०१७ चा.

पेच येथे सुरू होतो. बिस्मथमध्ये इलेक्ट्रॉन थोडे असल्याने त्यांची कमाल ऊर्जा तांब्यातील इलेक्ट्रॉनांच्या काही शतांश भागाहूनही कमी आहे. आयनांच्या कंपनांची ऊर्जा तिच्या जवळपास, फार तर दोन-तीन पटींनी कमी भरते. चपळ इलेक्ट्रॉन आणि मंद आयन ही बीसीएसची अट येथे उरतच नाही. आयन परतण्याच्या आत दुसऱ्या इलेक्ट्रॉनाने त्या जागी यावे, असा वेळेचा फरकच शिल्लक राहत नाही. म्हणूनच टीआयएफआरच्या गटाने स्पष्ट म्हटले की नेहमीचा सिद्धांत येथे लागू पडत नाही.

हे सर्वांनी मान्य केले आहे असे नाही. टीआयएफआरच्या लेखाआधी काही महिने मेक्सिकोतील एका गटाने बीसीएसच्याच चौकटीत गणित करून शुद्ध बिस्मथ एक-दीड मिलिकेल्विनच्या खाली अतिसंवाहक होऊ शकेल असा अंदाज मांडला होता, आणि मापन त्या मर्यादेच्या आतच पडले. उलट २०१७ मध्ये जोनाथन रुहमान आणि पॅट्रिक ली यांनी वेगळी वाट सुचवली: इलेक्ट्रॉनांतील प्रतिकर्षणच बांधणीचे काम करत असावे. एक इलेक्ट्रॉन हलला की भोवतीचे सगळे भार सामूहिकपणे हेलावतात. या हेलकाव्याला वेळ लागतो, आणि त्या विलंबातून दुसऱ्या इलेक्ट्रॉनासाठी आकर्षण निर्माण होऊ शकते. आयनांची भूमिका येथे खुद्द इलेक्ट्रॉनांचा समूह पार पाडतो. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट हा १९६४ पासून माहीत असलेला, असाच इलेक्ट्रॉन-विरळ अतिसंवाहक याच कारणाने चर्चेत असतो. एखादे गणित तापमान बरोबर देते एवढ्यावर त्याची गृहीतके खरी ठरत नाहीत, ही भूमिका अधिक पटणारी आहे. पण निवाडा प्रयोगानेच व्हायला हवा.

आणि प्रयोगाच्या वाटा येथे अरुंद आहेत. पाऱ्याच्या आणि बोरोकार्बाइडच्या बाबतीत कंपनांचा हात समस्थानिक बदलून पकडता आला. बिस्मथला ही कसोटी लावता येत नाही, कारण निसर्गात त्याचा बिस्मथ-२०९ हा एकच समस्थानिक आढळतो. दुसरा उपाय ऊर्जा-फट निरनिराळ्या दिशांना मोजण्याचा. त्यासाठी टोकाचे सूक्ष्मदर्शक लागतात. नायोबियम नायट्राइडवर काम करणारे असे उपकरण केल्विनच्या काही दशांशांपर्यंत थंड होते, म्हणजे बिस्मथच्या गरजेहून जवळजवळ हजारपट उष्ण. शिवाय मोजण्यासाठी सोडलेला प्रवाहच नमुन्याला तापवतो. संक्रमण तापमान आणि चुंबकीय मर्यादा ही दोन मापे हाती आहेत. बिस्मथमधली जोडी कशाने बांधली जाते आणि तिचा आकार कोणता, हे दोन प्रश्न अर्ध्या मिलिकेल्विनच्या खाली फट मोजणाऱ्या उपकरणाची वाट पाहत आहेत.